हा आप्पांचा नंबर आहे का?

पहाटे पावणेसहाला फोन वाजला. तव्यावर भाकरी होती, हाताला पीठ. कोपरानं स्पीकर लावला तर मागं ट्रकच्या इंजिनाची घरघर आणि एका दमलेल्या माणसाचा आवाज, "आप्पा, गाडी बोरामणीपर्यंत आली बघा. माल उतरवायला माणसं हायत का?"

"दादा, राँग नंबर."

"असं कसं? आप्पांचाच नंबर हाय की हा."

ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा त्याचाच. त्या दिवशी रात्रीपर्यंत सतरा फोन आले, सगळे आप्पांसाठी.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला राहते आणि घरातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकते. घरचे फोन आणि ऑर्डरीचे फोन एकात एक मिसळायला लागले, म्हणून गेल्या वर्षी जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी धंद्यासाठी वेगळं सिम घेतलं. उत्साहाच्या भरात पाकिटांवर चिकटवायची चार हजार लेबलं त्याच नंबरानं छापून घेतली. त्यामुळे ‘त्रास होतोय तर नंबर बदलून टाक’ हा घरच्यांचा सल्ला माझ्या कामाचा नव्हता. नंबर ठेवायचा आणि फोन थांबवायचे, एवढाच रस्ता होता.

आधी हे होतं कसं ते सांगते. दुकानात मिळणारं सिम कोरं असतं, पण त्यावरचा नंबर बहुतेक वेळा कोरा नसतो. दहा आकडी नंबर मोजकेच, म्हणून बंद पडलेला नंबर कंपन्या पुन्हा बाजारात आणतात. बंद झाल्यावर निदान 90 दिवस तो कुणालाही देत नाहीत, असं दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. अमेरिकेत ही मुदत निदान 45 दिवसांची आहे, पण तिथं 2021 पासून एक सरकारी यादी आहे. धंद्यासाठी फोन करणाऱ्यानं आधी त्या यादीत बघायचं, की हा नंबर मधल्या काळात दुसऱ्याकडे गेलाय का.

नव्वद दिवसांत कंपनीच्या वहीतलं नाव बदलतं. लोकांच्या खिशातलं कुठं बदलतं? एका ड्रायव्हरला मी विचारलं, "दादा, हा नंबर तुम्हाला दिला कुणी?" तो म्हणाला, "पट्टीवर छापलाय की!" तेव्हा उलगडा झाला. कांदा विकल्यावर आडत्या शेतकऱ्याला हिशोबाची जी पट्टी देतो, तिच्यावर दुकानाचा नंबर असतो. ती पट्टी पुढच्या हंगामापर्यंत कोनाड्यात जपून ठेवतात. जानेवारी म्हणजे आमच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागायचा महिना. कलबुर्गी, विजयपूरकडून येणारे तर सरळ कानडीतच विचारायचे, "उळ्ळागड्डी रेट एष्टु?" नंबर बदललाय हे मी मराठीत, कानडीत आणि शेजारणीकडून शिकून तेलुगूतही सांगायला लागले.

पहिले चार दिवस मी चिडचिड केली. पाचव्या दिवशी हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर फोन लिहायला घेतले, कोण, किती वाजता, कशासाठी. एवढ्यानंच निम्मा गुंता सुटला. सगळे नकोसे फोन एका जातीचे नसतात आणि एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही. आप्पांचे शेतकरी ही एक जात. कर्ज, विमा, प्लॉट विकणारे दुसरी. आणि तिसरी जात ज्यांची, त्यांच्या आवाजानं छातीत धडधडायचं. ते वसुलीवाले.

विकणाऱ्यांचं सगळ्यांत सोपं. 1909 ला फोन करून ‘डीएनडी’त, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत असं सांगणाऱ्यांच्या यादीत, नोंद केली. मात्र ही नोंद माणसाची नसते, नंबराची असते. जुन्या नंबरावर केली होती म्हणून नव्यावर चालत नाही, पुन्हा करावी लागते. जाहिरातीचे फोन 140 पासून सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच यायला हवेत असा नियम आहे. साध्या दहा आकडी नंबरावरून कुणी ‘मॅडम, कार्ड मंजूर झालंय’ म्हणत असेल तर तो नियम मोडतोय. अशी तक्रार आता सात दिवसांच्या आत करता येते, पूर्वी तीनच दिवस मिळायचे. ‘ट्राय’च्या फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनं तर डीएनडीत नोंद नसली तरी तक्रार चालते आणि नोंदणी नसलेल्या विक्रेत्यावर पाच दिवसांत कारवाई करायची आहे. मी रोज रात्री भांडी झाली की तक्रारी टाकायचे. नुसतं ब्लॉक केलं तर तो फक्त माझ्यापुरता थांबतो. तक्रार केली तर त्याचा नंबरच जाऊ शकतो.

वसुलीचे फोन आप्पांच्या नावाचे नव्हतेच, भलत्याच कुणाचे होते. म्हणजे या नंबराला आप्पांआधीही कुणीतरी मालक असणार. रात्री नऊला फोन, "त्याला द्या, तो तिथंच बसलाय." मी विनवायचे, रडकुंडीला यायचे. मग बँकेतल्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, की थकलेल्या कर्जासाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2022 मध्येच बजावलंय. कर्जदारालाही नाही, मग मला कुठून? त्यांनी शिकवलं तसं केलं. फोन आला की आधी संस्थेचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव विचारायचं, वेळ लिहायची, बाकी एक शब्द बोलायचा नाही. मग त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवलं, ‘हा नंबर अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे’. सोबत सिमच्या पावतीची प्रत जोडली. आधार कार्डाची जोडली नाही, ती फोनवर मागणाऱ्याला तर मुळीच द्यायची नाही. दहाएक दिवसांत ते फोन बंद झाले.

खरं तर ही वेळ यायलाच नको. कायमच्या बंद झालेल्या नंबरांची यादी सरकार काढतं. ती बघून आपल्या नोंदी साफ करा, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2025 मध्ये बँकांना आणि वित्तसंस्थांना सांगितलंय. यूपीआयच्या नोंदी आठवड्याला तपासायच्या आहेत. ज्यांच्याकडे यंत्रणा आहे, पगारी माणसं आहेत, त्यांनी हे काम करायचं सोडून भाकरी थापणाऱ्या बाईला धमकवायचं, याचा मला आजही राग येतो.

एकदा मात्र मी थोडक्यात वाचले. फोनवर ओटीपी आला आणि पाठोपाठ एका पोराचा फोन, "काकू, माझा जुना नंबर हा. चुकून तुमच्याकडे कोड आलाय, तेवढा सांगा." आवाज इतका गरीब, की आकडे ओठावर आले होते. तो खरंच जुना मालक असेलही. पण तो आकडा म्हणजे कुणाच्या तरी पैशाच्या पेटीची किल्ली, आणि पेटी कुणाची ते मला कुठं ठाऊक? मी सांगितलं, "बाळ, बँकेत जाऊन नंबर बदल." असा फोन संशयाचा वाटला तर सरकारच्या ‘संचार साथी’वर ‘चक्षु’ नावाची सोय आहे, तिथं कळवायचं. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरावर फोन करायचा.

राहिले आप्पांचे शेतकरी. त्यांना ब्लॉक करायला मन होईना. रात्रभर गाडी हाकून आलेला माणूस, त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोच्या जागी भाकरीचं चित्र लावलं आणि आपोआप जाणारा निरोप लिहिला, ‘हा नंबर आता कडक भाकरीचा आहे’. त्यानं फोन कमी झाले, थांबले नाहीत. शेवटी एका ड्रायव्हरला गाळ्याची खूण विचारली आणि मार्केट यार्ड गाठलं.

लिलाव संपून हमाल चहा पीत बसले होते. आप्पा सत्तरीचे, कांद्याच्या टरफलांत खुर्ची टाकून बसलेले. रिचार्ज करायचं राहिलं आणि नंबर गेला, एवढीच त्यांची कथा. "तुम्हाला लई तरास झाला ओ ताई," म्हणत त्यांनी पट्टीचं पुस्तक काढलं. तोच नंबर, माझा. मी विचारलं, "तुमचा नवा नंबर शेतकऱ्यांना दिला तर चालेल?" विचारल्याशिवाय दुसऱ्याचा नंबर वाटणं मला बरोबर वाटत नव्हतं. त्यांनी हो म्हटलं, मुलाला हाक मारली, आणि पोरानं माझ्यासमोर बसून पुस्तकातल्या एकेका पट्टीवरचा नंबर पेनानं खोडला. येताना मी दोन पाकिटं भाकरी ठेवून आले. आता महिन्याला एखादा फोन येतो, मी नवा नंबर सांगते.

आता आमच्याच घरातला एक नंबर बंद करायचाय. आमचे मामंजी यंत्रमागावर जॉबर होते. ते मागच्या दिवाळीत गेले. त्यांचा नंबर 2006 सालचा, फोन अजून कपाटात आहे. नंबर बंद करायचं ठरलंय, पण तसाच सोडायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं आधी पुसलं. गॅसचं झालं, लाइट बिलाचं झालं, बँकेत मृत्यूचा दाखला देऊन आले. त्यांची एक निळी डायरी आहे, तिच्यातल्या एकेका नावाला रोज दुपारी फोन करून सांगते, की हा नंबर आता खोडा. काल ‘म’पर्यंत आले.