पांघरूण उलटून पाहिलं का?

फुफीअम्मांना लकवा मारला तेव्हा त्यांचं वय ७४ होतं. डावं अंग पूर्ण गेलं, जीभ जड झाली. मुलगा आणि सून कुवेतला. मुलगी सासरी, आणि तिथे तिची स्वतःची सासू अंथरुणाला खिळलेली. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर दोन महिने आम्ही भाच्या-पुतण्यांनी पाळ्या लावून त्यांना आमच्या घरी सांभाळलं. त्यांना उचलताना अम्मीच्या कमरेत लचक भरली. रात्रपाळीला ठेवलेली बाई तिसऱ्या दिवशी आलीच नाही. शेवटी कुवेतहून भाऊ म्हणाला, "आपा, पैसे मी पाठवतो, पण एखादी चांगली जागा बघा." शहराबाहेरचं एक केअर सेंटर आम्ही बघितलं. चकचकीत फरशी, दारात फिशटँक, पांढऱ्या कोटातला मॅनेजर. तिथे त्यांना ठेवलं.

दर रविवारी आम्ही जायचो. मोसंबी घेऊन, तासभर बसून, यासीन पढून यायचो. फुफीअम्मा स्वच्छ दिसायच्या. चादर पांढरीशुभ्र, पावडरीचा वास. पाचव्या रविवारी त्यांची मुलगी सासरहून आली. पाजताना चहा सांडला म्हणून मॅक्सी बदलायला तिने त्यांना कुशीवर वळवलं आणि ती किंचाळलीच. माकडहाडावर माझ्या तळव्याएवढी जखम. मधला भाग काळा पडलेला, कडेने पू. पावडर कशासाठी मारली जात होती ते तेव्हा कळलं.

ड्युटीवरची सिस्टर शांतपणे म्हणाली, "वय झालंय, शुगर आहे. अशा पेशंटला होतंच."

ज्या डॉक्टरांकडे आम्ही त्यांना नेलं त्यांनी जखम साफ करताना एवढंच विचारलं, "तुम्ही भेटायला जात होता ना?" जात होतो. चारही रविवारी समोर बसून चेहरा पाहत होतो. पाठ एकदाही पाहिली नाही.

हे सगळं जाहीरपणे लिहायची लाज वाटते. तरीही लिहिते आहे, कारण आपल्या समाजात या विषयावर दोनच प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक, "आई-बापाला बाहेर ठेवलंच कसं?" हे विचारणाऱ्यांपैकी एकानेही आमच्याकडे रात्रीची एक पाळी केली नव्हती. आणि दुसरं, "महिन्याला एवढे पैसे भरतोय, आता काळजी त्यांची." वडीलधाऱ्यांची खिदमत फर्ज आहे हे आपल्याला लहानपणापासून पढवलं जातं. पण नळीने खाणाऱ्या, लघवीची पिशवी लावलेल्या माणसाची खिदमत प्रत्येक घराला झेपेलच असं नाही. जिथे झेपत नाही तिथे ती दुसऱ्याच्या हातून करून घ्यावी लागते, आणि तो हात काय करतोय ते पाहणं आपल्याच अंगावर राहतं.

मी शिक्षिका आहे. शाळेची तपासणी म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. साहेब मंगळवारी येणार म्हटलं की सोमवारी भिंतीवर तक्ते चढतात, टाचणवह्या पूर्ण होतात. साहेबांना दिसते ती शाळा फक्त मंगळवारची असते. फुफीअम्मांसाठी दुसरी जागा शोधताना मी ठरवलं की कळवून जायचं नाही. एकूण चार जागा पाहिल्या. दुपारी जेवणाच्या वेळी, संध्याकाळी सातनंतर, आणि एक तर ऐन ईदच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा अर्धा स्टाफ सुट्टीवर असतो.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये अशाच एका केअर होममध्ये काम करते. तिकडे २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन नावाची सरकारी यंत्रणा आहे. त्यांचे निरीक्षक बहुतेक वेळा न कळवताच येतात. त्यांचे मुख्य प्रश्न पाच: इथे माणूस सुरक्षित आहे का, उपचारांचा उपयोग होतो का, वागणूक मायेची आहे का, प्रत्येकाच्या गरजेकडे लक्ष दिलं जातं का, आणि चालवणारे नीट चालवतात का. अगदी वरच्यापासून 'अपुरं'पर्यंत चार दर्जे असतात आणि मिळालेला दर्जा दारात लावावा लागतो. तरी तिकडेही हलगर्जी होतेच, असं बहीण सांगते. पण बाहेरच्या माणसाला निदान दारातली पाटी तरी वाचता येते.

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की बाळंतपणाचा किंवा ऑपरेशनचा छोटा दवाखाना डोळ्यांसमोर येतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची जागा मात्र केअर सेंटर, वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्र अशा कोणत्याही नावाने चालते. महाराष्ट्रात १९४९ पासून नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे. त्याच्या व्याख्येत आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा येते. नोंदणीचं प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावायचं असतं. २०२१ मध्ये नियम बदलले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणंही आलं. मी पाहिलेल्या चार जागांपैकी एकीने हे प्रमाणपत्र दाखवलं. दुसरीने ट्रस्टच्या नोंदणीचा कागद पुढे केला, तिसरीने दुकानाचा परवाना. चौथ्या ठिकाणी मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुम्ही कोण? ऑफिसातून आलात का?" मी म्हटलं, "नाही, पेशंटची भाची आहे." त्याने फाइल बंद केली. मीही निघाले.

आता त्या जखमेबद्दल, कारण बाकी सगळं त्यातच आलं. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि मांस मरायला लागतं. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं, डोक्याची मागची बाजू या तिच्या जागा. सुरुवात लालसर डागाने होते. बोटाने दाबून सोडलं की निरोगी कातडीची लाली क्षणभर जाऊन परत येते, पण हा डाग दाबूनही फिका पडत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तो भाग जांभळट, गरम किंवा टणक लागतो. या टप्प्यावर तिथला दाब काढला तर बहुतेकदा निभावतं. त्या जागी तेल चोळू नये. मध्ये भोक असलेली रबरी रिंगही देऊ नये, कारण तिच्या कडांनी उलट रक्तपुरवठा अडतो. आम्ही ती रिंग प्रेमाने विकत घेऊन दिली होती.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, हा त्यावरचा जुना उपाय. कुणाला किती वेळाने वळवायचं ते डॉक्टर ठरवतात. बहुतेक केंद्रांत त्याचा तक्ता पलंगाला लटकवलेला असतो. एका ठिकाणी सकाळी अकरा वाजता मी तो तक्ता वाचला. दुपारी चारपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या! उद्याची हजेरी आज भरणारे शिक्षकही मी पाहिले आहेत, त्यामुळे नवल वाटलं नाही. दुसऱ्या ठिकाणी हवेच्या गाद्या होत्या. एका गादीच्या पंपाचा प्लग काढून तिथे कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावला होता. गादी पार बसलेली, आणि त्या गादीवर माणूस.

म्हणून तक्ता वाचा, पण पाठही पाहा. बायकांनी बायकांची, पुरुषांनी पुरुषांची. त्यांची परवानगी घेऊन, पडदा ओढून, आठवड्यातून एकदा तरी. बोचू नये म्हणून मोजे घातले असतील तर तेही काढून टाचा पाहा.

नाकाचाही उपयोग करा. एखाद्या पलंगाजवळ वास आला तर कुणाचं तरी डायपर बदलायचं राहिलं असेल. सगळ्या इमारतीत शिरताच वास आला तर तिथे ते रोजच राहतं. ओठ कोरडे आहेत का, नखं वाढली आहेत का, पाण्याचा पेला चांगल्या हाताच्या बाजूला आहे का, ते बघा. फुफीअम्मांचा पेला आणि घंटी दोन्ही डाव्या बाजूच्या स्टुलावर ठेवलेली असायची, आणि डावा हात तर गेलेला. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. भरवताना माणूस बसता केलेला हवा आणि नंतरही अर्धा तास तसाच. आडव्या माणसाला भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. लकव्याच्या पेशंटला हा धोका फार मोठा असतो.

एका हॉलमध्ये एका आजोबांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधलेले होते. विचारलं तर म्हणे, नळी काढतात. हे कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, कितीदा सोडता, असं विचारल्यावर सिस्टर दुसरीकडे पाहू लागली. मनगटावर वळ दिसले तर हे दोन प्रश्न तुम्हीही विचारा.

पांढरा कोट घातला की नर्स होत नाही. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, एएनएमचा दोन वर्षांचा, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असते. ती दाखवायला खऱ्या नर्सला संकोच वाटत नाही. रात्री दोन वाजता किती पेशंटमागे किती माणसं जागी असतात, असं मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. एका मावशीने, म्हणजे तिथे कामाला असलेल्या बाईने, खरं उत्तर दिलं: "बावीस जणांना मी एकटी." त्या मावशीला दोष देता येत नाही. एकटी बाई बावीस जणांना दर दोन तासांनी कशी वळवणार?

औषधांच्या वहीत इन्सुलिन दिल्याची नोंद पाहताना शुगर तपासल्याचा आकडा आणि जेवणाची वेळही पाहा. इन्सुलिन दिलं आणि जेवण राहिलं, तर शुगर एकदम उतरते, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांचं ते कुणाला कळतही नाही.

आगीचं आम्ही कधी विचारतच नाही. २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या सिव्हिलमध्ये अतिदक्षता विभागात अकरा जण. स्वतःहून उठून पळता न येणारी माणसं जिथे असतात तिथे मागच्या दाराला कुलूप असणं म्हणजे काय, ते यावरून कळावं. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र मालकाला दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. ते मागा. जिन्यावर रचलेल्या मोडक्या खुर्च्या मात्र तुम्हाला प्रमाणपत्राशिवायही दिसतील.

आता आपल्या घरांचे काही खास प्रश्न. हलाल जेवणाचं पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्यावं. रोज घरून डबा हे फार दिवस टिकत नाही. अंघोळ आणि कपड्यांसाठी बाईलाच बाई हवी, हे तोंडी नको, दाखल करतानाच्या अर्जावर लिहून घ्यावं. पलंगाचं तोंड फिरवता येत नसेल तर किब्ला कुठे ते भिंतीवर कागद लावून दाखवता येतं. आम्ही तयम्मुमसाठी एक न भाजलेली मातीची वीट पिशवीत घालून ठेवली, आणि ती कचऱ्यात टाकू नये म्हणून पिशवीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. रमजानमध्ये फुफीअम्मा रोज्यासाठी हट्ट करत. डॉक्टर आणि मौलानासाहेब दोघांनी समजावलं, फिदिया दिला, तेव्हा कुठे दूध प्यायल्या. आणि फाइलच्या पहिल्या पानावर दोन फोन नंबर असावेत, म्हणजे रात्री-अपरात्री इंतकाल झाला तर आधी घरच्यांना कळवलं जाईल.

पहिल्या केंद्राविरुद्ध आम्ही काय केलं? आधी मॅनेजरला लेखी पत्र, जखमेचे तारखेसह फोटो. उत्तर आलं नाही. मग महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज. जिथे महापालिका नाही तिथे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जावं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथूनही कुणाकडे जायचं ते समजतं. अर्जावर चौकशी झाली. अधिकारी जाण्याआधी केंद्राला कळलेलं होतं, त्यामुळे त्या दिवशी सगळे तक्ते भरलेले होते. पण आमचे फोटो अर्जासोबत होते, आणि जखम काही एका दिवसात झाकता येत नव्हती. केंद्राने दोन महिन्यांचे पैसे परत केले. भावाने ते घ्यायला नकार दिला. मी म्हटलं, घे, ड्रेसिंगला लागतील. लागलेच.

जखम भरायला साडेचार महिने लागले. आता फुफीअम्मा ज्या जागी आहेत तिथे फिशटँक नाही आणि रंगही उडालेला आहे. मी कधी बुधवारी शाळा सुटल्यावर जाते, कधी रविवारी फज्रनंतर. तिथल्या सिस्टरला आता याची सवय झाली आहे. पहिल्या महिन्यात तिला राग यायचा, आता ती स्वतःच पडदा ओढून देते. मी सलाम केला की फुफीअम्मा जड जिभेने जवाब देतात आणि मी काही म्हणायच्या आत उजव्या हाताने पांघरुणाचं टोक वर करतात.