नारायणराव आणि देऊसकर

रशियन ऑपेरा गायक शाल्यापिन आणि व्यक्तिचित्रकार सेरोव्ह जिवलग मित्र. सेरोव्हने १९०५ मध्ये कॅनव्हासवर कोळशाने काढलेला त्याचा पूर्णाकृती शाल्यापिन मॉस्कोच्या ट्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. गवई आणि चित्रकार म्हटलं की मला मात्र आधी आठवतात बालगंधर्व, म्हणजेच नारायणराव, आणि गोपाळ देऊसकर!

देऊसकर मूळचे अहमदनगरचे, पण निजामामुळे त्यांचं नातं आमच्या मराठवाड्याशीही जुळतं. आमच्या जालन्यातली मस्तगडची गढी १७२५ मध्ये पहिल्या निजामाच्या हुकमाने बांधली गेली. त्याच निजाम घराण्याच्या शिष्यवृत्तीवर देऊसकर लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले. म्हणून मराठवाड्याने त्यांच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला खुद्द नारायणरावांनी १९६२ मध्ये बसवली. उद्घाटन मात्र त्यांच्या निधनानंतर, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी झालं. तिथे देऊसकरांची दोन भव्य तैलचित्रं आहेत: एकात पुरुषवेशातले नारायणराव, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेतले. माणूस एकच, पण दोन्हींत उभी राहणारी व्यक्ती निराळी. व्यक्तिचित्रकाराची खरी कसोटी हीच, असं माझं ठाम मत आहे.

तिथे नाटकाला गेलात तर पहिल्या घंटेच्या बऱ्याच आधी पोहोचा. या दोन चित्रांत आधी डोळे बघा, मग वेशभूषा.