‘ते आले होते’: वऱ्हाडात लपून राहण्याचा थकवा

घरी हेडफोन नसेल, बाजूच्या खोलीत आई असेल, तर हा एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचलेला बरा. म्हणूनच पूर्ण लिहून काढलाय.

मी मूळचा अमरावतीचा, बीटेक करून आता पुण्यात कोड लिहितो, आणि गे आहे. अकोला, अमरावती, परतवाडा, इकडून येणाऱ्या मेसेजमध्ये एक प्रश्न हमखास असतो: "दादा, कोणी काही म्हणत नाही मले, तरी एवढं थकल्यासारखं काऊन वाटते?" आज त्या थकव्याबद्दल बोलू.

आधी आपली मराठीच पाहा. इंग्रजीत ‘माय पार्टनर’ म्हटलं की सुटका होते. मराठीत क्रियापदच चुगली करतं: तो आला, ती आली. मग आम्ही एकदम आदरार्थी होतो. "ते आले होते, त्यांनीच डबा आणला." माझ्या आईला बरेच दिवस वाटायचं, मी कोण्या वयस्कर गृहस्थासोबत रूम शेअर करतो. ट्रान्स व्यक्तीची पंचाईत याहून मोठी. किराणा दुकानात ‘मी जातो’ म्हणायचं की ‘मी जाते’? एका शब्दात ओळख जाहीर. कोल्हापूरकडच्या बाया सर्रास ‘मी येतो’ म्हणतात, तिकडं कोणी मान वळवून पाहत नाही. आपल्याकडं पाहतात.

हा हिशोब दिवसभर चालू असतो. कोणाला काय सांगितलं, मावशीच्या हातात फोन देण्याआधी कोणता फोटो पुसायचा, राजकमल चौकात कोणासोबत दिसलो तर घरी कोण सांगेल. पुण्यात गर्दीत हरवता येतं. अमरावतीत तुमच्या गाडीचा नंबर काकांच्या मित्राला पाठ असतो.

इलान मेयर नावाच्या अमेरिकेतल्या संशोधकानं २००३ मध्ये हे नीट मांडलं. त्याला ‘मायनॉरिटी स्ट्रेस’ म्हणतात. म्हणणं असं, की गे किंवा ट्रान्स असल्यानं मन आजारी पडत नाही. सगळ्यांना असतो त्या ताणावर आणखी एक ताण चढतो, त्यानं पडतं. त्यातला काही बाहेरून येतो: टोमणे, मारहाण, भाड्यानं घर न मिळणं. काही आत तयार होतो: लोक नाकारतील ही सततची भीती, लपवणं, आणि लहानपणापासून ऐकलेले घाण शब्द स्वतःबद्दल खरे वाटणं. आतला ताण कोणी काही न बोलताही चालू राहतो, मागे उघडं राहिलेलं ॲप बॅटरी खातं तसा. वरच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

आता डॉक्टरांचं. माझ्या घरच्यांना एका डॉक्टरनं सांगितलं होतं, "लग्न लावून द्या, होते सगळं ठीक." लगेच स्थळही आलं, अकोल्याचं, जठारपेठेतलं. मुलगी शिक्षिका. मी नाही म्हटलं, मग सहा महिने घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. ते ठीक आहे. पण त्या सल्ल्यात ती मुलगी कोणी मोजलीच नव्हती. औषध म्हणून एक जिवंत पोरगी लिहून दिली होती! याचा राग मला आजही येतो.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ‘बदलून देतो’ छाप उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे असा ‘इलाज’ करणाऱ्या डॉक्टरची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. बाबा-महाराज मात्र यात येत नाहीत, आणि आपल्याकडं आधी तिकडंच नेतात. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करू देत नाही आणि गोपनीयतेचा हक्क देतो. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा: गे पेशंट पाहता का? घरच्यांना सांगणार का? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर दुसरा डॉक्टर पाहा. कोणीच नसेल तर १४४१६, टेली मानस. सरकारी आहे, मोफत आहे, २४ तास चालतं, मराठीत बोलता येतं.

कोर्टाचं थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क मात्र दिला नाही. पण ३७७ जायच्या आधीच, डिसेंबर २०१७ मध्ये, यवतमाळच्या एका आयआयटी शिकलेल्या माणसानं आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी लग्नाचा सोहळा केला. मुंबईत नाही, यवतमाळात! ती बातमी मी कितीदा वाचली असेल. कायद्यापेक्षा त्या गावाच्या नावानं मला जास्त धीर दिला.

आणि आपली माणसं कुठं भेटतात? नागपुरात सारथी ट्रस्ट आहे, तिथं प्राइड मार्चही निघतो. इकडं आम्ही चार-पाच जण बडनेरा स्टेशनवर भेटतो. स्टेशनवर कोणीही कोणासोबतही उभं असू शकतं, म्हणून. एक खटकतं: आम्ही गे पोट्टे किन्नरांपासून अंतर ठेवतो, "आम्ही तसे नाही" म्हणतो. आपण फोनमध्ये लपलो होतो तेव्हा ते अकोल्याच्या बाजारात उघड्यावर जगत होते, आणि सुप्रीम कोर्टातून तृतीयपंथीयांची ओळख मान्य झाली २०१४ मध्ये, आपल्या चार वर्षं आधी. मागच्या भेटीला त्यांच्यातली एक जण आली. चहा सांगताना ती बिनधास्त म्हणाली, "मी कमी साखरेचा घेते." चहावाल्यानं मान वर न करता कप पुढं केला.