पडणं थांबलं, काम संपलं नाही

सरावासाठी आणलेला 80 किलोचा पुतळा स्लॅबच्या कडेवरून ढकलला, की चर्रर्र असा कापड फाटल्याचा आवाज येतो. नवख्या कामगारांना वाटतं, सुरक्षा बेल्ट तुटला. पण फाटायलाच बनवलेला भाग फाटलेला असतो. बेल्टपासून हुकापर्यंतच्या दोरीला, म्हणजे लॅनयार्डला, जोडलेल्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरमध्ये घडी घालून शिवलेली पट्टी असते. ती टाक्याटाक्याने उसवते आणि पडणाऱ्याचा हिसका स्वतःवर घेते. 1.8 मीटर पडायला जेमतेम 0.6 सेकंद लागतात, आणि तेवढ्यात वेग ताशी 21 किलोमीटरवर गेलेला असतो. युरोपीय मानकानुसार अ‍ॅब्झॉर्बरने हा झटका 6 किलोन्यूटनच्या आत, म्हणजे साधारण 600 किलो वजनाइतक्या जोराच्या आत ठेवायचा असतो.

या सगळ्याला खाली जागा लागते. लॅनयार्डचे 1.8 मीटर, उसवलेल्या पट्टीचा सुमारे एक मीटर, पाठीवरच्या डी-रिंगपासून तळव्यापर्यंत माणसाचा दीड मीटर, वर थोडी राखीव जागा. बेरीज पाच मीटरच्या पुढे जाते. पहिल्या मजल्यावर पायापाशी हुक अडकवून काम करणाऱ्याचा बेल्ट ताणला जाण्याआधी तो माणूसच जमिनीवर आदळतो. ‘हुक डोक्याच्या वर लाव’ असं मुकादम ओरडतो, ते यासाठीच.

आता पुतळा हवेत लटकलाय. घातक मिनिटं इथून सुरू होतात.

उभ्या माणसाच्या पोटऱ्यांचे स्नायू हलत राहतात आणि पायांतलं रक्त पंपासारखं वर ढकलतात. बेल्टमध्ये निश्चल लटकलेल्याचा हा पंप बंद पडतो. रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं, घाम फुटतो, मळमळतं, शुद्ध हरपते. जमिनीवर शुद्ध हरपली तर माणूस आडवा होतो आणि सावरतो. लटकलेला उभाच राहतो, म्हणून मरू शकतो. अमेरिकी हवाई दलाने 1987 मध्ये निरोगी स्वयंसेवकांना असं लटकवून पाहिलं. फुल बॉडी हार्नेसमध्ये ते सरासरी 14 मिनिटं टिकले. नुसत्या कंबरपट्ट्यात दोन मिनिटंही नाहीत. पडणं थांबवण्यासाठी बांधकामावर कंबरपट्टा वापरायला अमेरिकेने 1 जानेवारी 1998 पासून बंदी घातली.

सुटकेतली पहिली गोष्ट आवाजाची. लटकलेला शुद्धीवर असेल तर वरून एकच जण त्याच्याशी बोलतो: पाय हलवत राहा, कमरेजवळच्या पाकिटातून पट्टी काढ, फास कर, त्यात उभा राहा. तेवढ्यात बूमलिफ्ट पोचली तर उत्तम. नाहीतर खरी कसरत. माणसाचा भार असेपर्यंत त्याचा हुक सुटत नाही. म्हणून वर दुसरा भक्कम आधार धरून पुलीचा संच लावतात, लांब काठीने संचाचा हुक लटकलेल्याच्या डी-रिंगमध्ये अडकवतात आणि माणसाला वीतभर वर ओढतात. चारास एक अशा पुलीने 80 किलोसाठी वीसेक किलोचा आणि घर्षणाचा जोर पुरतो. जुना लॅनयार्ड सैल पडला की तो सोडवायचा आणि ब्रेकवर सावकाश खाली उतरवायचं. शिकलेल्या हातांना हे काही मिनिटांचं काम. न शिकलेले हात ताणलेल्या दोऱ्यांत चाकू घालतात.

खाली आल्यावर त्याला बसतं ठेवा, आडवं केलं तर दगावेल, असं पूर्वी शिकवत. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेसाठी 2009 मध्ये झालेल्या आढाव्यात या सल्ल्याला आधार सापडला नाही. माणसाला आडवं करायचं, श्वास पाहायचा, नेहमीचे प्रथमोपचार द्यायचे आणि तो ठणठणीत दिसला तरी रुग्णालयात न्यायचं. झटका खाल्लेला बेल्ट आणि लॅनयार्ड पुन्हा वापरायचे नाहीत.

मुंबई-पुण्याच्या उंच सोसायट्यांत बाहेरून रंगकाम निघतं, तेव्हा कमिटी कंत्राटदाराकडे बेल्टची चौकशी करते आणि तिथंच थांबते. अग्निशमन दलाला फोन जरूर करावा, पण त्यांच्या येण्यावर सगळी मिनिटं सोपवता येत नाहीत. तेव्हा करारावर सही करण्याआधी आणखी तीन प्रश्न विचारा: माणूस लटकला तर त्याला कोण उतरवणार, कशाने, आणि त्यांनी तसा सराव शेवटचा कधी केला? उत्तर मिळेपर्यंत रंगाऱ्यांचा झुला गच्चीवरून खाली सोडू देऊ नका.