कॉलेज बजेटमध्ये कॅमेरा घ्यायचाय? आधी हे वाचा, मग सीताबर्डीला जा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत आणि बडग्यांची मिरवणूक निघते. त्याच आठवड्यात महालातल्या चितार ओळीत गणपतीच्या मूर्तींवर शेवटचा हात फिरत असतो. फोटोची आवड असलेल्या पोरांना याच दिवसांत वाटतं, आता फोन पुरे, खरा कॅमेरा घेऊ. पण बजेट कमी असेल तर प्रश्न एकच विचारा: माझ्या फोनला नेमकं काय जमत नाही?

फोन कुठे कमी पडतो?

मिरवणूक दिवसा निघते, ऊन भरपूर असतं. गर्दीचा, अख्ख्या मारबतीचा फोटो फोनवरही छान येतो. अडचण चितार ओळीत येते. मूर्तिकाराच्या खोलीत एखादा बल्ब, आणि रंग देणारा हात सतत हलतोय. प्रकाश कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हात पुसट होतो. फोन किंवा लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्याच्या हाताची नाही.

इथे दोन गोष्टी कामाला येतात: मोठा सेन्सर आणि जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स.

मेगापिक्सेल नको, सेन्सर बघा

एंट्री लेव्हल डीएसएलआरमध्ये एपीएस-सी सेन्सर असतो. निकॉनमध्ये तो साधारण २३.५ × १५.६ मिमी असतो. सध्या रील्समुळे पुन्हा फेमस झालेल्या जुन्या खिशातल्या डिजिकॅममध्ये बहुतेक वेळा फक्त ६.२ × ४.६ मिमीचा सेन्सर असतो, म्हणजे क्षेत्रफळात तेरावा हिस्सा. मध्यम किमतीच्या अनेक फोनमध्ये याहून मोठा सेन्सर मिळतो. त्या रेट्रो लूकसाठी डिजिकॅम घ्यायचा तर खुशाल घ्या, पण फोनपेक्षा चांगली क्वालिटी मिळेल म्हणून घेऊ नका.

बॉडी जुनी, लेन्स चांगली

कंपन्यांचा भर आता मिररलेसवर आहे. त्यामुळे कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० असे २०१८ मध्ये आलेले डीएसएलआर सेकंडहँड बाजारात दिसतात. दोन्हींत २४ मेगापिक्सेल आहेत, शिकायला भरपूर.

सोबत १८-५५ ची किट लेन्स येते. महालाच्या अरुंद गल्लीत मागे सरकायला जागा नसते, तिथे तिची १८ ची बाजू कामाची. पण ५५ वर ती एफ/५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमी एफ/१.८ लेन्स त्याच्या नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे शटर १/१५ सेकंदावर जात होतं, तिथे १/१२५ वर फोटो निघतो आणि मूर्तिकाराचा हात बऱ्यापैकी स्थिर दिसतो. सगळे पैसे बॉडीत घालण्यापेक्षा ही दुसरी लेन्स घ्या.

निकॉनवाल्यांनो, एक लक्षात ठेवा. डी३५०० मध्ये फोकसची मोटर नाही. स्वस्त मिळते म्हणून जुनी एएफ-डी लेन्स घेतलीत, तर फोकस हाताने करावा लागेल. ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेली लेन्स बघा.

मुख्य काम व्हिडिओचं असेल तर?

थांबा. वरच्या दोन्ही कॅमेऱ्यांत ४के नाही आणि बाहेरचा माईक लावायची सोयही नाही. रील्ससाठी फोन ठेवा आणि चांगला माईक घ्या.

सेकंडहँड घेताना काय तपासायचं?

- बिल मागा आणि त्यावरचा सिरियल नंबर बॉडीवरच्या नंबरशी जुळवा. चोरीचा माल गळ्यात पडायला नको.
- शटर काउंट बघा. डी३५०० चं शटर १ लाख क्लिकपर्यंत टेस्ट केलेलं आहे. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या एक्झिफ माहितीत सापडतो.
- लेन्समधून टॉर्च मारा. आत जाळीसारखी बुरशी दिसली तर सौदा सोडा.
- एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण खर्च येतो, तेवढा भाव कमी करून घ्या.
- स्वतःचं कार्ड घालून दहा-वीस फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑनलाइन ॲडव्हान्स तर नाहीच.

बजेट पूर्ण खर्च करू नका

३० हजार असतील तर चार-पाच हजार बाजूला ठेवा: मेमरी कार्ड, जादा बॅटरी, बॅग. पावसाळ्यात बुरशी टाळायला घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून कॅमेरा ठेवा. आणि नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तो कधीच सोडू नका.

अजून ठरत नसेल तर एका दिवसासाठी कॅमेरा आणि ५० मिमी लेन्स भाड्याने घ्या आणि चितार ओळीत परवानगी विचारून फोटो काढा. फोनचे फोटो शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तरच पैसे घाला.