कालहरणाचे मोल : पंढरपूरच्या खुनाचा अपुरा राहिलेला व्यवहार

कोन हे आमचे गाव पनवेलहून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. इ. स. १७७८ च्या नोव्हेंबरात इंग्रजांची फौज रघुनाथरावास बरोबर घेऊन पनवेलीस उतरली आणि याच बाजूने घाटाकडे गेली. पुढे १७७९ च्या जानेवारीत वडगावी तिची काय गत झाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु ती फौज मुळात आली का, याचा माग काढू गेल्यास आपण एका खुनाच्या अपुऱ्या राहिलेल्या निकालापाशी जाऊन पोहोचतो. त्या खुनानंतर बेचाळीस वर्षांनी दुसरा एक खून झाला. त्याचाही निकाल तसाच अपुरा राहिला, आणि त्यापायी मराठ्यांचे राज्यच गेले. राजपुरुषांवर आळ येतो तेव्हा अभियोग चालविणारे जी सावधगिरी दाखवितात तिचे मोल काय पडते, हे या दोन प्रकरणांवरून पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम आपल्या शास्त्राची परिभाषा पाहू. मिताक्षरेत व्यवहाराचे, म्हणजे न्यायालयीन वादाचे, चार पाद सांगितले आहेत : भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धि. भाषा म्हणजे वादीचे निवेदन, उत्तर म्हणजे प्रतिवादीचे म्हणणे, क्रिया म्हणजे पुरावा, व साध्यसिद्धि म्हणजे निर्णय. यांतील एक पाद जरी लंगडा पडला तरी व्यवहार चालू शकत नाही. याज्ञवल्क्याने आणखी एक नियम घातला आहे. इतर वादांत प्रतिवादीस उत्तर देण्यास मुदत देता येते. परंतु साहस, म्हणजे मनुष्यवधादि बलात्काराची कृत्ये, यांत उत्तर तत्काळ घेतले पाहिजे. हेतू उघड आहे. अशा प्रकरणांत काळ लोटला की साक्षी भितात, फिततात किंवा नाहीसे होतात.

या मापाने पहिले प्रकरण मोजू. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला व चुलते रघुनाथराव गादीवर आले. ज्याच्यावर संशय तोच सत्ताधीश, अशा स्थितीत रामशास्त्री प्रभुणे यांनी तपास चालविला आणि दोषाची रेघ रघुनाथरावांपर्यंत नेऊन पोहोचविली. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आपण बाजूस ठेवू. तिच्यावर पुराव्याचा भार टाकणे योग्य नव्हे. महत्त्वाची गोष्ट इतकीच की शास्त्रीबोवांनी निर्णय सांगताना पुढची व्यक्ती कोण आहे हे पाहिले नाही, व सांगून झाल्यावर ते पुणे सोडून गेले. म्हणजे साध्यसिद्धि झाली. दंड मात्र झाला नाही. बारभाईंनी हाती लागलेल्या कित्येक मारेकऱ्यांस शासन केले, पण रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. १७७५ चा सुरतेचा तह, वडगावची मोहीम आणि १७८२ चा सालबाईचा तह ही त्याचीच फळे होत. याच घालमेलीत, १७७४ च्या डिसेंबरात, ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला, तो परत आला नाही. या किल्ल्याचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरे प्रकरण रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव यांच्या कारकिर्दीतील. गायकवाड व पेशवे यांच्यामधील जुन्या देण्याघेण्याचा निकाल करण्यासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१४ साली बडोद्याहून पुण्यास आले. त्यांच्या जीविताची हमी इंग्रजांनी घेतली होती. अहमदाबादचा इजारा गायकवाडांकडून काढून पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांस देण्यात आला, त्यामुळे मने आधीच कलुषित झाली होती. १८१५ च्या आषाढात बाजीरावांबरोबर शास्त्रीही पंढरपुरास गेले. प्रकृती बरी नसताना त्रिंबकजीच्या आग्रहाचे निरोप आले म्हणून ते रात्री विठ्ठलदर्शनास गेले, आणि देवळातून परतत असता वाटेत मारेकऱ्यांनी त्यांस गाठून ठार केले.

या वेळी शास्त्रनियमाप्रमाणे उत्तर तत्काळ घ्यावयास हवे होते. सरकारचा मुक्काम त्याच क्षेत्री होता, मंत्री त्याच क्षेत्री होता, साक्षीही तेथेच होते. तरीही म्हणण्यासारखा तपास झाला नाही. ज्याने तपास करावयाचा त्याच्यावरच संशय, आणि त्यास विचारणारा त्याचा धनी. मग विचारणार कोण? रामशास्त्र्यांच्या जागी त्यांच्या तोलाचा मनुष्य दरबारात उरला नव्हता, असेच म्हणावे लागते.

घरच्या न्यायाची जागा रिकामी राहिली, ती बाहेरच्याने घेतली. रेसिडेंट एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळची लेणी पाहण्यास गेला होता. वार्ता कळताच त्याने माहिती गोळा करण्यास आरंभ केला व त्रिंबकजी, गोविंदराव बंधुजी आणि भगवंतराव गायकवाड यांच्या अटकेची मागणी केली. बाजीरावांनी टाळाटाळ केली, मग त्रिंबकजीस वसंतगडावर ठेविले, आणि अखेर १८१५ च्या सप्टेंबरात त्यास इंग्रजांच्या हवाली केले. त्याची रवानगी झाली ती ठाण्याच्या किल्ल्यात! पहिल्या खुनाच्या गोंधळात गमावलेला किल्ला दुसऱ्या खुनाच्या आरोपीचा तुरुंग झाला.

येथे एल्फिन्स्टनचीही सावधगिरी पाहण्यासारखी आहे. बाजीरावांवर त्याने उघड आरोप ठेविला नाही. सर्व भार मंत्र्यावर टाकून धन्यास सुटण्याची वाट ठेविली. धन्यावर आरोप म्हणजे युद्ध, आणि त्या वेळी युद्ध नको होते. राजकारण म्हणून हा विचार समजण्याजोगा आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की खरा प्रश्न, आज्ञा कोणाची, हा कोणी विचारलाच नाही. इतकेच नव्हे, तर त्रिंबकजीवरही रीतसर खटला चालला नाही. भाषा झाली, एका पक्षाने आपल्यापुरती क्रिया केली. उत्तर घेतले गेले नाही व साध्यसिद्धि झाली नाही.

पुढील हकीकत थोडक्यात अशी. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी ठाण्याहून निसटला. पहारा गोऱ्यांचा असल्यामुळे एका मोतद्दाराने मराठी गाण्यांतून त्यास बेत कळविला, ही गोष्ट बिशप हेबर याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदविली आहे. १८१७ च्या मे महिन्यात त्रिंबकजीस हजर करण्याची मागणी झाली, व जामीन म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड मागण्यात आले. ता. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहात बाजीरावांनी त्रिंबकजीचा अपराध मान्य केला, मराठेशाहीचे प्रमुखत्व सोडले आणि मोठा मुलूख दिला. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली व १८१८ त पेशवाई संपली. त्रिंबकजी त्याच साली पकडला जाऊन काशीनजीकच्या चुनारगडावर गेला व १८२९ साली तेथेच वारला. न्यायाधीशाने देण्याचा निर्णय तहाच्या कलमात, तोही तरवारीच्या धाकाने, लिहिला गेला. अशा कबुलीस निर्णय म्हणता येत नाही.

तर मग मोल कोणी दिले? शास्त्र्यांच्या कुटुंबास मारेकरी कोणाचे हे कोणत्याही न्यायासनापुढून कळले नाही. त्रिंबकजी दोषी असेल तर त्याचा दोष शाबीत झाला नाही, निर्दोष असेल तर कलंक धुतला गेला नाही. दोन्ही पक्षी तो न ऐकलेलाच मेला. राज्याने आपला न्याय आपण करण्याचा अधिकार गमावला, आणि ज्याने तो उचलला त्याने त्याची किंमत किल्ल्यांत व मुलुखात वसूल केली. इतिहाससंशोधकाच्या वाट्यास आले ते एकपक्षीय कागद. आजही त्रिंबकजीच्या अपराधाविषयी विद्वानांत मतभेद आहे तो याचमुळे.

येथे कोणी म्हणेल की सावधगिरी हा अभियोक्त्याचा गुणच नव्हे काय? आहे; पण दोन प्रकारच्या सावधगिरीत भेद केला पाहिजे. पुराव्याविषयीची सावधगिरी निरपराध्यास वाचविते. व्यक्तीविषयीची सावधगिरी, म्हणजे आरोपी कोण आहे हे पाहून हात आखडणे, ही केवळ भीती होय. पहिली रामशास्त्र्यांत होती; दुसरी १८१५ साली दोन्ही दरबारांत होती. पहिलीस वेळ लागतो, परंतु तो वेळ कामात जातो. दुसरीस लागणारा वेळ नुसता वाट पाहण्यात जातो.

हा प्रश्न जुना झालेला नाही. सरकारी अधिकाऱ्यावर कर्तव्यासंबंधी कृत्याबद्दल खटला भरण्यास आजही शासनाची पूर्वमंजुरी लागते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ने त्यास १२० दिवसांची मर्यादा घातली असून, तेवढ्यात निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे समजावयाचे आहे. कालहरण हाच एक प्रकारचा निकाल असतो, ही जाणीव त्या तरतुदीत दिसते. याज्ञवल्क्याच्या नियमाशी तिचे नाते आम्हास जवळचे वाटते. मात्र नियम मुदत घालू शकतो, निर्भयता देऊ शकत नाही. ती न्यायासनावर बसणाऱ्याने बरोबर आणावी लागते, आणि ती नसली म्हणजे काय होते याचा दाखला पंढरपूरच्या प्रकरणाने देऊन ठेविला आहे.