जस्ताचे कवच

लोखंडावाचून मनुष्याचे पाऊल पुढे पडत नाही. शेतकऱ्याचा फाळ, सुताराची करवत, आगगाडीचे रूळ आणि नदीवरील पूल ही सारी लोखंडाची किंवा त्यापासून बनणाऱ्या पोलादाची रूपे होत. परंतु घणाचे घाव सोसणाऱ्या या बलवान धातूला एक शत्रू आहे. तो शत्रू म्हणजे गंज.

पाणी आणि हवेतील प्राणवायू यांची गाठ पडली, की लोखंड गंजू लागते. गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, आतील लोखंड पुन्हा उघडे पडते आणि गंज अधिकच खोल शिरतो. समुद्रकाठच्या खारट, दमट हवेत हे काम झपाट्याने चालते.

हे क्षरण किती घातक ठरते पाहा. अमेरिकेत ओहायो नदीवर १९२८ साली बांधलेला ‘सिल्व्हर ब्रिज’ हा झुलता पूल १५ डिसेंबर १९६७ रोजी सायंकाळी वाहनांसह कोसळला आणि ४६ माणसे प्राणांस मुकली. पूल तोलून धरणाऱ्या एका पोलादी दुव्याला बारीक चीर पडली होती. सततचा ताण आणि क्षरण यांमुळे ती वाढली होती. तिची खोली अवघी अडीच मिलिमीटर. पण ती अशा जागी होती, की तपासनिसाची दृष्टी तेथे पोहोचतच नव्हती.

मग पोलादाचे रक्षण कसे करावे? रंग, तेल किंवा दुसऱ्या धातूचा मुलामा देऊन हवा व पाणी दूर ठेवणे, हा सरळ उपाय होय. पत्र्याच्या डब्यांना कथलाचा मुलामा देतात. परंतु त्यावर ओरखडा पडला, की उघडे पडलेले लोखंड लवकर गंजते. जस्ताची रीत निराळी आहे. ते लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ओरखडा पडला तरी प्रथम स्वतः झिजते आणि शेजारचे लोखंड वाचवते. जणू धाकट्या भावावरील घाव थोरला भाऊ आपल्या अंगावर घेतो!

हा मुलामा देण्याच्या पद्धतीचे एकस्व सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ साली घेतले. प्रथम पोलादावरील तेलकटपणा धुऊन काढतात. नंतर ते सौम्य आम्लात बुडवून गंज घालवतात. शेवटी सुमारे ४५० अंश सेल्सियस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात ते बुडवतात. तेथे लोखंड व जस्त यांचे मिश्रधातूंचे थर तयार होतात. म्हणून हा मुलामा रंगासारखा सहज सुटत नाही.

न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८८३ साली खुला झाला. खाली खारे पाणी असल्यामुळे त्याच्या दोरांतील पोलादी तारांना जस्ताचा मुलामा दिलेला होता. आज एकशेचाळीस वर्षांनंतरही ते मुख्य दोर पुलाचा भार वाहत आहेत.

तथापि हे कवच अक्षय नव्हे. आम्लाने जस्त विरघळते. म्हणून जस्ताच्या मुलाम्याच्या भांड्यात ताक किंवा चिंच ठेवू नये. उघड्या हवेतही जस्त हळूहळू झिजतेच. म्हणून वेळोवेळी पाहणी करून झिजलेल्या जागी नवा लेप द्यावा लागतो. कवच कितीही चांगले असले, तरी त्यामागे जागरूक डोळा हवाच.